सील न फोडलेलं रीळ

११ जानेवारी २०२६, रविवार

विनू,

पार्सल उघडलंस की आधी रिळं बघशील, मग हा कागद दिसेल. बिल समजून फेकू नकोस, बिल वेगळं आहे. हे मी लिहितेय, सुचिता, तुझी सख्खी मोठी बहीण, जिचा नंबर तू ब्लॉक केलायस.

मालवणहून दिपेशच्या नावाने येणाऱ्या ऑर्डरी तुझ्या आहेत हे मला दिवाळीतच कळलं. आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती. त्यातला एक मालवणचा गळवाला पाय मोकळे करायला दुकानात शिरला आणि भिंतीवरचा आपला फोटो बघून म्हणाला, "हा तर विनेश! आमच्या दिपेशच्या बोटीवर पाहुण्यांना मासे धरायला नेतो." मी विचारलं, घरचं काही बोलतो का. तर म्हणाला, "घरचं नाव काढलं की उठून नांगर बघायला जातो." मग काय, मी त्याला गऱ्या बांधून दिल्या आणि तो गेल्यावर मागे जाऊन तोंड धुवून आले.

तू घर सोडून गेलास तेव्हा मी फोनवर दोन शब्द वाकडे बोलले असेन. पण त्यासाठी दोन वर्षं ब्लॉक? बायका नवऱ्याला पण एवढे दिवस ब्लॉक करत नाहीत रे.

आता धंद्याचं. तू चाळीस पौंडी फ्लुरोकार्बन दोरा मागवलायस. कशाला? शोभेला ठेवायला? तिकडे खाडीत तू जिताड्याच्याच मागे असणार. त्याच्या कल्ल्याची कड विळीच्या पात्यासारखी असते, हे तुला मी सांगायचं का? तोंड उघडून एकदा मान झटकली की चाळीसचा दोरा संपला. साठ घे. फ्लुरो पाण्यात दिसत नाही म्हणून तर आपण घेतो, मग चाळीस काय नि साठ काय, मासा चष्मा लावून येत नाही. मागे विणलेला ब्रेडचा बारीक दोरा, पुढे गरीपर्यंत दोन वाव फ्लुरोचा तुकडा, तोच लीडर, बस. आणि रिळावरून निघाला की वेटोळी धरतो, तर बांधायच्या आधी हाताने ताणून घे. हे पण मीच सांगायचं.

आणि दर ऑर्डरीखाली ती एक ओळ कसली लिहितोस? "सील न फोडलेलं रीळ द्यावे. खिळ्यावरचे बांधलेले लीडर नकोत." वा रे वा! माझ्या हातचे बांधलेले लीडर पुण्या-मुंबईचे लोक खिळ्यावरून ओरबाडून नेतात, आणि सख्ख्या भावाला नकोत. आमच्या दुकानावर एवढा अविश्वास असेल तर दुसरीकडून घे. नको, घेऊ नकोस. इथूनच घे.

मुद्द्याचं आता लिहिते. यंदा चैत्री पुनव दोन एप्रिलला आहे, आणि यंदा तिसरं वर्ष. देवीपुढे गळाचा मासा ठेवायचा मान आपल्या घराचा, पणजोबांच्याही आधीपासूनचा. तुझा दोरा तुटला ते एक वर्ष गेलं. गेल्या वर्षी आपल्या घरातलं कुणी खडकावर चढलंच नाही, ते दुसरं. यंदा आपला हात रिकामा राहिला तर मान वाड्यातल्या रंगूकाकाच्या घरात जाणार, तो कायमचाच. रंगूकाकाने नवा रॉड घेतलाय. माझ्याच दुकानातून घेतलाय. नाही कसं म्हणणार?

बाबांचे गुडघे आता बोडक्या खडकावर चढायचे राहिले नाहीत. दोरा तुटला त्या दिवशी अख्ख्या कोळीवाड्यासमोर ते स्वतःचं नाव घेऊन तुला म्हणाले, "शिवदासच्या पोराला गाठ मारता येत न्हाय, उतर खाली." मी तेव्हा देवळात बायकांत होते, ऐकलं नाही. पण संध्याकाळपर्यंत चौघीजणींनी नक्कल करून दाखवली. तुला किती लागलं असेल ते मला कळतं. पण बाबा काय, बोलून मोकळे होतात. तू बोलत नाहीस, निघून जातोस. दोघांच्या मधे मी दुकान सांभाळत बसलेय.

तू ये. देवीचा मासा आण. मग हवं तर परत जा मालवणला, मी अडवणार नाही.

सुचिता

ता. क. पार्सलला चिकटपट्टी बाबांनी लावलीय. कुणाचं आहे ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तीन फेरे जास्तच मारलेत.


१५ फेब्रुवारी २०२६, रविवार

विनू,

साठ पौंडी! ऑर्डर वाचली आणि मी गल्ल्यावर टाळी मारली. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं. म्हणजे पत्र वाचतोस. उत्तर द्यायला मात्र हात झडतात.

ती खालची ओळ अजून तशीच आहे. सील न फोडलेलं रीळ. ठीक आहे बाबा, सीलबंद पाठवलंय, झाकणावर माझं बोट पण लावलं नाही.

आज महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी बिघडली, बाबांनी मुकाट्याने खाल्ली. सध्या त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी धक्क्यावर जाऊन बसायचं, दुपारी दुकानात येऊन माझ्या चुका काढायच्या आणि दर गुरुवारी तिन्हीसांजेला धूप. तो मात्र चुकत नाही. धुपाटण्यात नारळाच्या करवंटीचे निखारे, वर धूप टाकायचा, आणि अख्ख्या दुकानाला फिरवायचं. रॉडांना, गऱ्यांच्या डब्यांना, खिळ्यावरच्या लीडरांना, गल्ल्याला, शेवटी मला. मी खोकते, ते म्हणतात खोक, पीडा जाते.

परवा मुंबईचा एक सेल्समन आला होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडात वेलची. म्हणे, "मॅडम, ओरिजिनल फ्लुरोकार्बन, निम्म्या भावात." मी त्याच्या रिळाचा बोटभर तुकडा कापला, आपल्या नेहमीच्या मालाचा एक कापला, आणि पाण्याच्या ग्लासात दोन्ही बुडवले. आपला सरळ तळाला गेला. त्याचा आपला तरंगतोय गणपती बघायला आल्यासारखा. मी म्हटलं, दादा, हा आमचा साधा नायलॉनचा तंगूस आहे, नाव बदलून आलाय. तो म्हणाला, वरून कोटिंग फ्लुरोचं आहे. म्हटलं, मग कोटिंगच तेवढं देऊन जा. बाबा बाहेर पायरीवर बसून हसले. खूप दिवसांनी हसले. तू असतास तर तो सेल्समन अजून बोलत राहिला असता आणि तू त्याला चहा पाजला असतास.

एक विचारायचं होतं. खाडीकडून वारा असला की फेकलेला दोरा पोट धरून मागे येतो आणि खडकात अडकतो. माझ्या एका गिऱ्हाइकाला हा त्रास होतोय. नवीन आहे बिचारं, शिकतंय. त्याला काय सांगू?

अक्षराला हसू नकोस. खोका उघडताना बोट कापलं. तीन बोटं कापली.

पुनवेला दीड महिना राहिला. रंगूकाका रोज संध्याकाळी रॉड खांद्यावर टाकून आपल्या दारावरून जातो. खडकाकडे जायला त्याला मागची वाट जवळ पडते, पण नाही, आपल्याच दारावरून. येशील तर बरं होईल.

सुचिता


८ मार्च २०२६, रविवार

विनू,

तुझी ऑर्डर दोनदा वाचली. शेवटचं कलम असं: "बोटाला गुंडाळायची पट्टी, एक. ही पाठवू नये, दुकानातच ठेवावी. वारा खाडीकडून असेल तर गिऱ्हाइकाने गुडघा टेकून आडवं फेकावं, उंच फेकू नये."

मेल्या. कळलं ना तुला.

हो, मीच जाते. पहाटे बोडक्या खडकावर, रंगूकाका उठायच्या आत. बोटं ब्रेडच्या दोऱ्याने कापलीत. तू आला नाहीस तर दुसरं कोण आहे घरात? बाबांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं मी शेजारच्या भाविकाबरोबर चालायला जाते, वजन कमी करायला. गुडघा टेकून फेकलं, जमलं. दोन तांबोशी मिळाल्या, आणि पहिलीच्या वेळी मी एकटीच खडकावर अशी ओरडले की बगळे उडाले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. विनू, आता नीट वाच.

शिमग्याच्या आधी पुण्याचं एक गिऱ्हाईक परत आलं. खिळ्यावरचा लीडर नेला होता. मासा लागताच गाठीतून तुटला. मी म्हटलं, कोरडी आवळली असेल, गाठ थुंकीने ओली करून आवळायची, नाहीतर घासून फ्लुरो तापतो आणि कच्चा पडतो. तो म्हणाला, ताई, गाठ तुमचीच होती. मग दुसरा आला. मग मुरुडचा शुभम आला, तो तर घरचाच, खोटं बोलणार नाही.

मी सगळे लीडर खिळ्यांवरून उतरवले आणि एकेक खेचून पाहिला. वरच्या रांगेतले पक्के. खालच्या रांगेतले चहा गाळायच्या फडक्यासारखे फाटत होते, जोर न लावता. वरची रांग, खालची रांग, एकच रीळ, एकाच दिवशी एकाच हाताने बांधलेले. सकाळभर मी डोकं धरून बसले. ऊन म्हणावं तर फ्लुरोला उन्हाचं फारसं काही होत नाही, तंगूस पांढरा पडतो, हा नाही. उंदीर म्हणावं तर दात नाहीत. आणि मग गुरुवार आला, बाबा धुपाटणं घेऊन आले, आणि खालच्या रांगेखाली थांबले. नेहमीसारखे. देवीचं नाव घेत, सावकाश.

रात्र जाऊ दिली आणि सकाळी मागच्या चुलीतले निखारे वाटीत घेतले. नव्या रिळाचा हातभर तुकडा धरला त्यांच्यावर, बाबा धरतात तेवढाच वेळ. रंग बदलत नाही, वास येत नाही, काही दिसत नाही. बोट फिरवलं तर किंचित खडबडीत लागतो, तेही शोधत असलं तरच. खेचला तर तुटला. मग बाबांचा जुना जाडा तंगूस तसाच धरला. त्याला ढिम्म काही झालं नाही. कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "हो मॅडम, फ्लुरो नायलॉनच्या आधी वितळतो, आगीजवळ न्यायचाच नाही." हे रिळाच्या डबीवर लिहायला काय झालं होतं?

देवीचा गळ खडकावर न्यायच्या आधी देवळासमोर त्याला धूप देतात. आपले आजोबा सुताच्या दोरीला द्यायचे, बाबा तंगूसला देत आले. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच तू फ्लुरो लावला होतास. मी सोनाबाईकडे गेले, देवळातल्या. तिला सगळं आठवतं. म्हणाली, शिवदासने गाठच धरली होती निखाऱ्यांवर, गाठीला देवीचा हात लागू दे म्हणून. तीनदा. पोरगा म्हणाला, "बाबा, पुरे." शिवदासने असे डोळे वटारले की पोरगा गप्प. आणि दोरा तुटल्यावर, सोनाबाई म्हणते, तू तुटलेलं टोक बोटाने चाचपलंस, बघितलंस आणि खिशात टाकलंस.

खिशात टाकलंस. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.

ते ओरडत होते आणि तुला कळलं होतं. "सील न फोडलेलं रीळ द्यावे, खिळ्यावरचे नकोत." दोन वर्षं तू मला सांगत होतास आणि मी रागावत होते. अरे, एक शब्द बोलला असतास! की देवळासमोर बाबांना खाली बघावं लागलं असतं म्हणून स्वतः खाली बघितलंस? मूर्ख आहेस तू. इतका मूर्ख भाऊ मला दिलाय देवीने, आणि मी तीन दिवस झाले रडतेय, आणि गिऱ्हाइकांना सांगतेय की सर्दी आहे.

बाबांना सांगायचं की नाही ते तू सांग. नाहीतर राहू दे, तू काही सांगणार नाहीस. मीच सांगते.

सुचिता

ता. क. पट्टी बोटाला गुंडाळली. बरं वाटतंय.


१३ मार्च २०२६, शुक्रवार

विनू,

हे ऑर्डरीची वाट न बघता पोस्टात टाकतेय, दिपेशच्या पत्त्यावर. त्याने फोडून वाचलं तर वाचू दे.

बाबांना सांगितलं. तोंडाने नाही सांगितलं, जमलंच नाही. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. निखाऱ्यांची वाटी फळीवर ठेवली, नवं रीळ त्यांच्या समोर फोडलं, तुकडा कापला, वर धरला, आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, खेचा. त्यांनी खेचला. तुकड्याकडे बघत राहिले. म्हणाले, "परत कर." परत केलं. मग तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः धरला, स्वतः खेचला.

मग पायरीवर जाऊन बसले. शेवटची फेरी दिघीहून लागली, गाड्या उतरल्या, गेल्या, तरी बसलेले. मी चहा नेला.

"त्याला म्हाईत होतं?" एवढंच विचारलं.

"असणार. तो माझ्याकडून सीलबंद रीळच मागवतो. दोन वर्षं."

"तुझ्याकडनं मागवतो?"

"दिपेशच्या नावाने. तुम्हीच तर चिकटपट्टी लावता."

"ते म्हाईत हाय मला," म्हणाले. बघ! म्हणजे नाटक मी एकटीच करत होते. मग थोड्या वेळाने म्हणाले, "बोलला का न्हाय त्यो?"

मी म्हटलं, "तुम्ही बोलू दिलंत?"

मला एवढं तिखट बोलायचं नव्हतं, पण निघालं तोंडातून. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

काल गुरुवार होता. धुपाटणं घेतलं नाही. जन्मात पहिल्यांदा गुरुवारी आपल्या दुकानात धूप झाला नाही. आणि रात्री जेवताना म्हणाले, "मान जाऊ दे रंगूकडं. माझ्या हातानं गेला, गेला." मी ताट सरकवलं आणि सांगून टाकलं की मी पहाटे कुठे जाते. म्हटलं, मान तुमच्या एकट्याचा नाही, घराचा आहे, आणि मी घरातच राहते. माझी पट्टी गुंडाळलेली बोटं त्यांनी दिव्याखाली धरून बघितली. मग म्हणाले, "भाविकाबरोबर चालून वजन कमी झालेलं दिसत न्हाय, ते मी म्हणतच होतो."

विनू, अजून वेळ आहे. आता तर यायला काही हरकत नाही ना? बाबांना कळलंय. फोन उघड एकदा तरी.

सुचिता


३ एप्रिल २०२६, शुक्रवार

विनू,

तीन आठवडे झाले, तुझी ऑर्डर नाही, निरोप नाही. पुनवेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी दिघीहून येणारी प्रत्येक फेरी बघितली. तू आला नाहीस. राग आलाय मला, तो लिहून ठेवते आणि पुढचं सांगते.

काल सकाळी देवळासमोर सगळा कोळीवाडा जमला. बाबा धुतलेला सदरा घालून, काठी टेकत. मी रॉड घेऊन मागे, पदर खोचून. कुजबूज तर अशी की समुद्र ऐकू येईना. रंगूकाका पण रॉड घेऊन तयार. तो लगेच म्हणाला, "शिवदास, पोरीला? खडकावर बाईमाणूस?" मी तोंड उघडणार तोच सोनाबाई म्हणाली, "गळ धरणारा हात त्या घरचा पायजे, एवढंच हाय. हातात बांगडी नको असं कुठं हाय? तू खाली बस रंगू."

मग धुपाची वेळ. सोनाबाईने धुपाटणं बाबांपुढे धरलं. बाबांनी माझा गळ घेतलाच नाही. खिशातून सीलबंद रीळ काढलं, दुकानातून न सांगता घेतलेलं. सगळ्यांसमोर सील फोडलं, हातभर दोरा कापला आणि निखाऱ्यांवर धरला. तीनदा, त्या दिवसासारखाच. लोकांना वाटलं नवीन काही विधी आहे. मग रंगूकाकाला म्हणाले, "खेच."

रंगूकाकाने खेचला. तुटला. त्याला कळेना आपण काय मोडलं.

बाबांनी दुसरा तुकडा कापला, निखारा न दाखवता. "आता ह्यो खेच." रंगूकाकाने हाताला वेढा देऊन खेचला, तळव्यात दोरा रुतला, "आई गं" म्हणाला, पण दोरा हलला नाही.

मग बाबा देवीकडे तोंड करून बोलले, पण आवाज असा की मागच्या लोकांनाही ऐकू जावं. "दोन वर्सांमागं पोराचा दोरा मी भाजला. पोराची गाठ पक्की होती. हितं उभा राहून मी त्याला नको ते बोललो, म्हणून हितंच उभा राहून सांगतो. त्याला म्हाईत होतं, तरी माझी लाज राखून गेला. त्याची लाज मी न्हाय राखली."

बाबा रडले नाहीत, त्यांना येत नाही. मला येतं, मी रडले.

मग मला म्हणाले, "सुचे, हात पुढं कर." धूप त्यांनी दोऱ्याला दिला नाही, माझ्या हातांना दिला, पट्टी गुंडाळलेल्या बोटांना. मी खोकले. पीडा गेली असेल तर गेली.

आता मासा. पुनवेचं उधाण, सकाळची भरती लागत होती. बोडक्या खडकाच्या पोटाशी पाणी फिरतं तिथे मी आमिषाला जिवंत बोय लावून टाकला. वारा खाडीकडूनच. गुडघा टेकला, आडवं फेकलं. वर देवळाशी सगळे उभे राहून बघतायत. बराच वेळ काही नाही. बोय मेला, दुसरा लावला. रंगूकाका माझ्यापासून दहा पावलांवर, त्याची गरी खडकात अडकून गेली आणि त्याने शिव्या दिल्या, देवीचा दिवस असून. आणि मग माझा दोरा नुसता जड झाला. मला वाटलं मी पण अडकले. तर अडकलेलं चालायला लागलं.

विनू, तो पाण्याबाहेर उडाला आणि त्याने मान झटकली, कल्ले फाकून. मला दोरा कल्ल्यावर घासलेला दिसला. माझा जीव गेला होता तेव्हा. तुला पण तसंच झालं असेल ना? पण तुटला नाही. सोडत, ओढत, आणला खडकाशी. बाबा वरून ओरडत होते, "ओढू नको, त्याला दमू दे!" आणि तेवढ्यात शुभमने खाली उतरून माशाला खालच्या जबड्याला धरून उचललं.

मोठा नाही. दीड हातभर पण भरला नसता. रंगूकाका म्हणाला, "देवीला बाळजिताडा!" आणि सगळे हसले, तोही हसला, आणि मासा ताटात घेऊन माझ्याबरोबर पायऱ्याही तोच चढला. मान घरात राहिला. देवीपुढे ठेवला तेव्हा लीडरवर बोट फिरवलं. वीतभर खरखरीत झाला होता, पण गाठ जशीच्या तशी.

ती गाठ तुझी आहे. तू शिकवलेली, मी नववीत होते तेव्हा तू पाचवीत होतास आणि मला येत नाही म्हणून हसत होतास. तीच मारली मी.

हे मी स्पीड पोस्टाने टाकतेय. तुझ्यासाठी लिहिलं नाही, बाबा देवळासमोर काय बोलले ते लिहून ठेवावं म्हणून लिहिलं. वाचायचं तर वाच.

सुचिता


११ एप्रिल २०२६, शनिवार

विनू,

सकाळी ऑर्डर आली, दिपेशच्याच नंबरवरून.

"साठ पौंडी फ्लुरोकार्बन, एक रीळ. पार्सल पाठवू नये. माणूस येऊन घेऊन जाईल. खिळ्यावरचे बांधलेले लीडरही चालतील."

मी वाचली, मोबाइल पालथा ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीच्या गऱ्या दिल्या. मग परत वाचली.

रीळ खोक्यात घातलंय. खाली हा कागद ठेवतेय, सवय म्हणून. वर खालच्या रांगेतले चार लीडर ठेवलेत, नवे बांधलेले. दोन गाठी बाबांनी मारल्यात. त्यांच्या जरा ढिल्या आहेत, बोलू नकोस. बोललास तरी चालेल. खोका फळीवर आहे, चिकटपट्टी लावलेली नाही.

परवा गुरुवार होता, धूप झाला. फक्त गल्ल्याला आणि मला.

बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं की मालवणचं गिऱ्हाईक स्वतः येतंय माल न्यायला. तर सकाळपासून तीनदा विचारून गेले, कितीच्या फेरीने. मी म्हटलं, बाबा, गिऱ्हाईक आहे, येईल तेव्हा येईल, जेवून घ्या. जेवले नाहीत. धुतलेला सदरा घातलाय आणि धक्क्यावर जाऊन बसलेत.

सुचिता